नटांची वाकडीतिकडी करिअर्स: चेहरा ओळखीचा, नाव आठवेना

उशिराचा_शो

'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम', १९८४. सिनेमाला शिव्या घालायला भरपूर जागा आहे (त्यात भारत जसा दाखवलाय त्यावर वेगळा धागा होईल), पण आत्ता तो विषय नाही. त्यातली फक्त चार माणसं घ्या.

हॅरिसन फोर्ड. स्टुडिओच्या कॉन्ट्रॅक्टवर आठवड्याच्या पगाराने होता, रोल मिळायचे ते फुटकळ, शेवटी वैतागून पुस्तकं वाचून सुतारकाम शिकला आणि बायकापोरांचा खर्च त्यावर भागवला. 'स्टार वॉर्स' आला १९७७ ला तेव्हा हा ३४ वर्षांचा होता, म्हणजे हिरोचं वय जवळजवळ उलटून गेलेलं.

अमरीश पुरी. दोन मोठे भाऊ आधीच सिनेमात, हे हिरो व्हायला आले आणि स्क्रीन टेस्टमध्ये नापास झाले. मग कर्मचारी राज्य विमा महामंडळात सरकारी नोकरी, जवळजवळ वीस वर्षं. ऑफिस सुटल्यावर नाटक. नाट्यदिग्दर्शक सत्यदेव दुबेंकडे घासून घासून तयार झाले आणि सिनेमाने दखल घेतली ती चाळिशीच्या आसपास. 'टेम्पल ऑफ डूम'साठी टक्कल केलं ते आवडलं म्हणून तसंच ठेवलं आणि तीच पुढे ओळख झाली. मोगॅम्बो १९८७ चा, तेव्हा पंचावन्नच्या घरात होते!

रोशन सेठ, म्हणजे त्यातला तो गोडबोल्या दिवाण. ब्रिटनमध्ये शिकले, तिथेच कामं केली, पण मनासारखं काही मिळेना म्हणून ॲक्टिंग सोडून भारतात परत आले आणि एका नियतकालिकाचं संपादन करत बसले. तिथून त्यांना दिग्दर्शक ॲटनबरोने 'गांधी'त नेहरू म्हणून उचललं.

आणि चौथा तो पोरगा, के हुई क्वान. व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून आलेलं कुटुंब, ऑडिशन खरं तर भावाची होती, हा नुसता सोबत गेलेला. हा सिनेमा आणि पुढच्या वर्षीचा 'गूनीज' झाल्यावर कामं आटत गेली, आशियाई चेहऱ्यासाठी कोणी काही लिहीतच नव्हतं. मग फिल्म स्कूलला गेला, 'एक्स-मेन'च्या मारामाऱ्या बसवायला मदत केली, वाँग कार-वाईकडे सहाय्यक दिग्दर्शक होता. कॅमेऱ्यापुढे परत यायला त्याला वीसेक वर्षं लागली आणि २०२३ ला ऑस्कर मिळालं.

चौघांपैकी एकाचाही रस्ता सरळ नाही. आणि मला हे अपवाद वाटत नाहीत. आपण नटाची गोष्ट सांगताना 'आधी स्ट्रगल, मग ब्रेक, मग यश' असे तीन डबे जोडून गाडी सोडतो, पण यातल्या कुणालाही त्या त्या वेळी माहीत नव्हतं की आपण कुठल्या डब्यात बसलोय. सेठना संपादन करताना वाटत असेल की नट म्हणून आपलं झालं. अमुक सिनेमा हा ब्रेक होता हे पुढची दहा वर्षं कशी गेली त्यावर ठरतं, त्या दिवशी ती नुसती अजून एक शिफ्ट असते.

तर असे नट सांगा. स्टार नकोत, 'अरे हा त्यात नव्हता का' असे पाहिजेत. आणि नुसती नावं नकोत, मधल्या काळात ते काय करत होते ते लिहा.

कडूकारले

धागा छान आहे पण विरजण घालतो. हे सगळे शेवटी पोचलेले लोक आहेत. सुतारकाम करता करता सुतारच राहिलेल्या नटांचा धागा कोण काढणार? त्यांची मुलाखत कोण घेणार? फोर्डबरोबर त्याच स्टुडिओत कॉन्ट्रॅक्टवर अजून किती जण असतील, त्यातला एकही तुम्हाला माहीत नाही. सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात याला. चार उदाहरणं जोडून 'रस्ता वाकडा असतो' म्हणणं सोपं आहे, बहुतेकांचा रस्ता वाकडा नसतो, संपतो.

मधली_सुट्टी

आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण राहिलं की, अशोकमामा! दहाएक वर्षं स्टेट बँकेत नोकरी आणि सोबत नाटक. 'पांडू हवालदार' १९७५ चा, आणि तरी नोकरी लगेच सोडली नव्हती. रीमा लागू पण बँकेतच होत्या, त्यांनीही बरीच वर्षं दोन्ही सांभाळलं.

मला वाटतं बँकांचं हे श्रेय कुणी नीट लिहिलं नाही. आंतरबँक नाट्यस्पर्धा असायच्या, बँकांना आपल्याकडे चांगले नट असावेत असं वाटायचं, तालमीसाठी थोडं सांभाळून घ्यायचे. महिन्याच्या महिन्याला पगार आणि वर नाटक करायची मुभा, असा नट हातात येईल ते फडतूस काम नाकारू शकतो. ही चैन आहे हो. कॅफेत वेटर असलेल्या नटाला ती नसते, कारण त्याने शिफ्ट चुकवली की पैसे कापतात.

निळूभाऊ तर पुण्यात सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. 'एक गाव बारा भानगडी' १९६८, म्हणजे तेही पस्तिशीच्या पुढेच.

उशिराचा_शो

@कडूकारले, मुद्दा मान्य, पण मी 'वाकड्या रस्त्याने गेलं की पोचतो' असं कुठे म्हटलंय? उलट म्हणतोय. पोचलेल्यांचाही रस्ता चालताना संपल्यासारखाच दिसत होता, म्हणजे रस्त्याच्या दिसण्यावरून काहीच कळत नाही.

@मधली_सुट्टी, बँकांचा मुद्दा भारी. माझ्या डोक्यात नोकरी म्हणजे अडथळा असंच होतं.

संवादवाली

बरीच वर्षं मालिकांचे संवाद लिहितेय, त्यामुळे थोडं आतलं सांगते. नावं घेणार नाही, विचारू नका.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की नटाचं करिअर म्हणजे रोलची यादी. आतून ते कॅलेंडर असतं. महिन्यातले किती दिवस भरले, बस. मालिकेत बहुतेकांचा हिशोब पर डे. कॉन्ट्रॅक्टमध्ये महिन्याचे किमान दिवस लिहून घेता आले तर नशीब, नाहीतर ट्रॅक दुसऱ्या घराकडे वळला की ह्या घरातले काका-काकू पंधरा पंधरा दिवस घरी. आणि जे दिवस भरले त्याचे पैसे हातात येतात ९० दिवसांनी. म्हणजे नव्या नटाचे पहिले तीन महिने पूर्ण उधारीवर, आणि हा माणूस टीव्हीवर रोज दिसतोय म्हणून घरमालकाला वाटतं की हा मुद्दाम भाडं देत नाहीये.

आता वाकड्या रस्त्याबद्दल. आम्ही तीन एपिसोडसाठी एक वकील लिहितो. नट येतो, डायलॉग पाठ करून येतो (ही फार मोठी गोष्ट आहे, हसू नका), वेळेवर येतो, मेन लीडच्या नखऱ्यात वेळ गेला तरी तोंड वाकडं करत नाही. चॅनेलकडून फोन येतो, हा वकील बरा वाटतोय. झालं, मग त्या वकिलाला बहीण फुटते, मग त्याची जुनी प्रेमकहाणी निघते, आणि तीन एपिसोडवाला माणूस वर्षभर राहतो. उलटंही होतं. चांगला नट, मोठा रोल म्हणून आणलेला, आणि टीआरपी पडला की त्याला आम्ही परदेशात पाठवतो, कोमात घालतो, किंवा जिन्यावरून ढकलतो. यात त्याच्या अभिनयाचा संबंध शून्य. तो मात्र घरी बसून विचार करतो की माझं काय चुकलं.

म्हणून मेहनतीने वर आले, जिद्दीने वर आले असल्या मुलाखती वाचल्या की मला जरा हसू येतं. मेहनत असतेच, पण बरेचदा एखाद्या लेखिकेला सोमवारी सकाळी वकिलासाठी दुसरं काही सुचलं नाही एवढंच कारण असतं.

झोपाळू_मांजर

जिन्यावरून ढकलतो 😂😂😂 तुम्हीच का त्या!

कडूकारले

@संवादवाली, हा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा भारी आहे. वरचंच मी म्हणत होतो फक्त मला जिना सुचला नाही.

गावकुसाबाहेर

टाइपकास्टिंगबद्दल कुणी बोललंच नाही. वाकडा रस्ता बरेचदा तिथूनच सुरू होतो, की गाडी नीट चाललीय पण एकाच रुळावर.

ब्रायन क्रॅन्स्टन घ्या. आपण त्याला 'ब्रेकिंग बॅड'चा (२००८) म्हणून ओळखतो, पण त्याआधी जाहिराती, 'साइनफेल्ड'मधला डेंटिस्ट, मग 'माल्कम इन द मिडल'मध्ये सहासात वर्षं चड्डीवर नाचणारा वेंधळा बाप. 'ब्रेकिंग बॅड'साठी त्याचं नाव आलं तेव्हा चॅनेलवाले म्हणाले हा कॉमेडीवाला इथे कशाला. मग मालिकेचा कर्ता व्हिन्स गिलिगनने त्यांना १९९८ चा 'एक्स फाइल्स'चा एक एपिसोड काढून दाखवला, जो त्याने स्वतः लिहिलेला आणि ज्यात क्रॅन्स्टनने एका अत्यंत नकोशा माणसाचं काम केलं होतं, इतकं की शेवटी तुम्हाला त्याची दया येते. एका एपिसोडचं पाहुणं काम, दहा वर्षांनी उपयोगी पडलं. म्हणजे पडलं कारण लिहिणाऱ्याने लक्षात ठेवलं. नटाच्या हातात काय होतं, तर ते एक काम नीट करणं.

आणि आता आपले लक्ष्या. 'एक होता विदूषक' १९९२, डॉ. जब्बार पटेल, पटकथा पुलंची. ज्यांनी बघितला नाही त्यांनी बघा, हा माणूस काय करू शकत होता ते कळेल. लोकांनी थिएटरात जाऊन बघितला का, तर नाही, त्यांना हसवणारा लक्ष्याच हवा होता, आणि तो परत तसल्याच सिनेमांकडे गेला. प्रेक्षकच दार लावून घेतो कधी कधी. तेव्हा निर्मात्यांना एकट्याला दोष देऊ नका.

तिसरी_घंटा

सगळे पुरुष नट चाललेत वर म्हणून मुद्दाम लिहितेय. पुरुषाचा रस्ता वाकडा असला तरी पुढे जातो, अमरीश पुरी चाळिशीत व्हिलन झाले, अॅलन रिकमन आधी ग्राफिक डिझाइनचा स्टुडिओ चालवायचा, सव्विसाव्या वर्षी ड्रामा स्कूलला गेला आणि 'डाय हार्ड' हा त्याचा पहिला सिनेमा आला तेव्हा ४२ चा होता. बाईला ४२ व्या वर्षी पहिला सिनेमा, आणि तोही मुख्य खलनायिकेचा, द्या बघू उदाहरण.

रीमा लागूंचं नाव वर आलंय. 'मैंने प्यार किया' १९८९ मध्ये त्या सलमानच्या आई. त्यांचा जन्म १९५८ चा, त्याचा १९६५ चा. एकतिशीत आई! आणि एकदा आई झाल्यावर परत प्रेयसी होता येत नाही, तो शिक्का पुसत नाही. मराठी रंगभूमीवर त्यांनी काय काय केलंय ते हिंदीवाल्यांना माहीतच नाही, त्यांच्यासाठी त्या कायम 'मां'.

नीना गुप्ता मग. नावाजलेली अभिनेत्री, स्वतः मालिका लिहिल्या, दिग्दर्शित केल्या, आणि २०१७ मध्ये इन्स्टाग्रामवर उघड लिहावं लागलं की मी चांगली अभिनेत्री आहे, काम शोधतेय. पुढच्या वर्षी 'बधाई हो', मग 'पंचायत', मग 'ऊंचाई'साठी राष्ट्रीय पुरस्कार. सगळे त्याला प्रेरणादायी वगैरे म्हणतात. मला ती पोस्ट वाचून राग आला होता. एवढं काम केलेल्या बाईला असं मागावं का लागतं?

मधली_सुट्टी

@तिसरी_घंटा, राग बरोबर आहे पण त्या पोस्टचं मला कौतुकही वाटतं. आपल्याकडे नट 'सध्या चांगल्या स्क्रिप्ट वाचतोय' म्हणतात त्याचा अर्थ घरी बसलोय असा असतो हे सगळ्यांना माहीत असतं. काम नाहीये हे सरळ म्हणणं यात लाज कसली.

रच्याकने, उशिरा सुरू करणाऱ्या बाईचं उदाहरण आहे माझ्याकडे: कॅथरिन जूस्टन. मनोरुग्णांच्या वॉर्डात नर्स होत्या, घटस्फोट झाला, दोन मुलं, आणि बेचाळिशीत ॲक्टिंग सुरू केलं. डिस्ने वर्ल्डमध्ये रस्त्यावर फिरून लोकांना हसवायचं कामही केलं. 'वेस्ट विंग'मधली राष्ट्राध्यक्षांची सेक्रेटरी त्याच, आणि 'डेस्परेट हाउसवाइव्ह्ज'साठी दोनदा एमी (अमेरिकन टीव्हीचा मोठा पुरस्कार).

खलनायिका नाही, पण चालेल का? 🙂

तिसरी_घंटा

चालेल 🙂 पण बघा ना, तिलाही मिळालं ते शेजारची खवट म्हातारी आणि सेक्रेटरी. बेचाळिशीत आली आणि थेट म्हातारीच झाली, मधलं काही नाहीच.

पुस्तकी_किडा

पैशाचा विषय निघालाय तर थोडं अमेरिकेचं, कारण तिथे निदान आकडे उघडे असतात.

तिथल्या नटांच्या युनियनचे, म्हणजे सॅग-आफ्ट्राचे, साधारण १ लाख ६० हजार सभासद. २०२३ मध्ये युनियनचा आरोग्यविमा मिळायला वर्षाला २६,४७० डॉलर कमाई लागायची, म्हणजे तिथल्या मानाने अगदी बेताची रक्कम, आणि बहुसंख्य सभासद तेवढंही कमावत नव्हते. के हुई क्वानचंच बघा, 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर'चं शूटिंग झाल्यावर महामारीत काम नव्हतं म्हणून त्याचा विमा गेला होता. ज्या कामासाठी पुढे ऑस्कर मिळणार होतं ते काम करून झालेलं, आणि विमा नाही!

त्या वर्षीचा युनियनचा संप ११८ दिवस चालला, १४ जुलै ते ९ नोव्हेंबर. बातम्यांत एआयची चर्चा जास्त झाली, पण कामकरी नटाच्या पोटाचा मुद्दा रेसिड्युअल्सचा होता. जुना एपिसोड टीव्हीवर परत लागला की नटाला चेक यायचा, दोन कामांच्या मधले महिने त्यावर निघायचे. स्ट्रीमिंगमध्ये ते पैसे पार आटले, कारण तिथे 'परत लागणं' असं काही नसतंच, मालिका कायम तिथे पडलेली असते.

हे रेसिड्युअल्सही फुकट मिळालेले नाहीत. सिनेमांसाठीचे १९६० च्या संपात मिळवले, तेव्हा युनियनचा अध्यक्ष होता रोनाल्ड रेगन (हो, तोच). तडजोड अशी झाली की १९६० पासूनच्या सिनेमांवर पैसे मिळणार, त्याआधीच्या सिनेमांवर पाणी सोडायचं आणि बदल्यात पेन्शन-विम्यासाठी एकरकमी निधी. जुन्या नटांनी रेगनला त्यासाठी बरीच वर्षं माफ केलं नाही.

म्हणजे तिथल्या नटाचा रस्ता वाकडा असला तरी मधे मधे टेकायला काहीतरी होतं. आपल्याकडच्या मालिका पुन्हा पुन्हा लागतात, त्याचं नटाला काय मिळतं हे @संवादवाली सांगतील.

संवादवाली

काही नाही मिळत. लेखकालाही नाही, पण तो वेगळा धागा आणि मग मी थांबणार नाही.

कडूकारले

रेसिड्युअल्सवरून जेफ्री ओवेन्स आठवला. 'कॉस्बी शो'मधला जावई. २०१८ मध्ये कुणीतरी त्याचा सुपरमार्केटमध्ये काउंटरवर पिशव्या भरतानाचा फोटो काढून बातमी केली, की बघा एकेकाळचा टीव्ही स्टार काय करतोय. कॉस्बीवर आरोप झाल्यावर ती मालिका बऱ्याच ठिकाणी लागायची बंद झाली होती, म्हणजे गुन्हा एकाचा आणि चेक बंद झाले सगळ्यांचे.

हा माणूस ॲक्टिंग शिकवायचा, नाटकं करायचा, छोटी छोटी कामं करतच होता. ऑडिशनला जाता यावं म्हणून सोयीच्या वेळांची नोकरी धरली होती. त्याने नट असणं सोडलंच नव्हतं. फोटो काढणाऱ्याला वाटलं हा खाली पडलाय. नंतर इतर नटांनी आपापल्या नोकऱ्यांचे किस्से टाकले, लोक त्याच्या बाजूने उभे राहिले, निर्माता-दिग्दर्शक टायलर पेरीने काम दिलं. पण फोटो झाला नसता तर ते काम मिळालं असतं का? माझा कडूपणा हाच.

उशिराचा_शो

ओवेन्सचं उदाहरण मला हवं होतं ते. त्याच्याकडे बघून कळतं की आपण ज्याला पडझड म्हणतो ती त्या व्यवसायातली नेहमीची मंगळवार दुपार आहे.

आवाजाची कामं राहिली. जे. के. सिमन्स. 'व्हिपलॅश'साठी २०१५ ला ऑस्कर, साठीचा होता. त्याआधी 'ऑझ'मधला भयानक कैदी, 'लॉ अँड ऑर्डर'मधला मानसोपचारतज्ज्ञ, 'स्पायडरमॅन'मधला संपादक, आणि सोबत वर्षानुवर्षं एम अँड एमच्या जाहिरातीतल्या पिवळ्या गोळीचा आवाज. ऑस्कर मिळाल्यावरही ती गोळी सोडली नाही त्याने! मला हा माणूस म्हणून आवडतो. जाहिरात आणि डबिंगला कमी समजणारे नट आपल्याकडे खूप, पण घर त्यावरच चालतं.

मार्गो मार्टिन्डेल पण घ्या, अर्धं आयुष्य जाहिराती आणि लहान रोल, साठाव्या वर्षी 'जस्टिफाइड'साठी एमी, आणि मग 'बोजॅक हॉर्समन'वाल्यांनी तिच्यावर विनोदच केला, त्यात ती स्वतःच आहे आणि तिला प्रत्येक वेळी पूर्ण 'कॅरॅक्टर ॲक्ट्रेस मार्गो मार्टिन्डेल' म्हणूनच हाक मारतात. आवाज तिचाच.

घड्याळजी

सगळे परत आलेल्यांचं लिहितायत, सोडून गेलेल्यांचंही लिहा की.

पीटर ऑस्ट्रम, 'विली वोंका' (१९७१) मधला चार्ली. पुढच्या सिनेमांचं कॉन्ट्रॅक्ट समोर होतं, नको म्हणाला, आणि गुरांचा डॉक्टर झाला. एकच सिनेमा केला आयुष्यात. कुठलीही शोकांतिका नाही, व्यसन नाही, कोर्टकचेरी नाही. बालकलाकार म्हटलं की आपण लगेच 'बिचारा' म्हणायला तयार असतो.

ग्लेंडा जॅक्सन, दोन ऑस्कर घेतलेली बाई, १९९२ ला खासदार झाली आणि २०१५ पर्यंत होती. म्हणजे तेवीस वर्षं अभिनय बंद. मग ऐंशीच्या उंबरठ्यावर परत स्टेजवर आली ती थेट किंग लिअर म्हणून, आणि २०१८ ला दुसऱ्या नाटकासाठी टोनी (अमेरिकन रंगभूमीचा मोठा पुरस्कार).

आणि आपल्याकडचे सचिन. बालकलाकार, मग 'गीत गाता चल'चा हिरो, मग 'शोले'तला छोटा रोल, मग मराठीत दिग्दर्शक आणि 'बनवाबनवी', मग टीव्ही. लोक त्यांच्या मुलाखतींवरून टिंगल करतात पण इतक्या वेळा कूस बदलून टिकलेला माणूस दाखवा दुसरा.

गावकुसाबाहेर

सचिनवर धागा भरकटायच्या आत 😄 डॉक्टर मंडळी आठवली. डॉ. लागू कान-नाक-घशाचे सर्जन, आफ्रिकेतही प्रॅक्टिस केली, १९६९ ला सगळं सोडून पूर्णवेळ नट झाले तेव्हा बेचाळिशीत होते. 'नटसम्राट' त्याच्या पुढच्या वर्षी, 'पिंजरा' १९७२. आणि डॉ. मोहन आगाशे बरोबर उलटे. 'घाशीराम'मधला नाना १९७२ पासून, पण मानसोपचार सोडलाच नाही, शिकवतही राहिले, आणि मधे एफटीआयआयचे (पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे) संचालकही झाले.

दोघांपैकी कुणाचं बरोबर हे मला ठरवता येत नाही. लागूंनी उडी मारली म्हणून आपल्याला लागू मिळाले. पण सर्जनने उडी मारणं आणि कुठलीच डिग्री नसलेल्याने मारणं यात फरक आहे, खाली जाळी आहे की नाही एवढाच.

नवा_पाहुणा

खूप दिवस वाचनमात्र होतो, हा धागा बघून सदस्यत्व घेतलं. भाची बारावी झालीय, ड्रामा स्कूलला जायचं म्हणतेय, घरात रोज महाभारत. इथल्या अनुभवी लोकांना विचारतो, काय सांगावं तिला? आणि बहिणीला?

कडूकारले

बहिणीला सांगा आधी डिग्री. भाचीलाही तेच.

तिसरी_घंटा

डिग्री डिग्री काय. मुलगी आहे, विशीतली वर्षं तिच्या हातातली आहेत, वर लिहिलंय मी का ते. जाऊ द्या तिला. फक्त ड्रामा स्कूलमधून बाहेर पडल्यावर पहिली तीन वर्षं कुणाच्या पैशावर काढायची हे घरात आत्ताच बोलून घ्या, नंतर त्यावरूनच भांडणं होतात.

संवादवाली

उपदेश करत नाही, मला सेटवर जे दिसतं ते सांगते. टिकलेल्या लोकांकडे बहुतेक वेळा अभिनयाशिवाय अजून एक काहीतरी असतं ज्याच्या वेळा त्यांच्या हातात असतात. डबिंग, भाषांतर, योगाचे क्लास, एक जण इन्कम टॅक्सची रिटर्न्स भरून देतो, अख्ख्या युनिटची. ऑडिशनचा फोन आज सकाळी येतो आणि सेल्फ टेप (घरी स्वतःच शूट केलेली ऑडिशन) संध्याकाळपर्यंत पाठवायची असते, दहा ते सहा बसायला लागलं की ती टेप होतच नाही. आणि भाषा. मराठी स्वच्छ, हिंदी स्वच्छ, अजून एखादी बोली आली तर सोनं. आत्ता आमच्याकडे खणखणीत मालवणी बोलणारी तरुण मुलगी हवी होती, महिना गेला शोधण्यात.

नवा_पाहुणा

धन्यवाद सगळ्यांना. भाचीला धागा पाठवला. बहिणीलाही पाठवला, तिने फक्त कडूकारले यांचा प्रतिसाद वाचला. भाचीचा प्रश्न आहे की शोरीलमध्ये (कामाचा नमुना म्हणून पाठवायच्या व्हिडिओत) कॉलेजच्या एकांकिकेचं शूटिंग टाकलं तर चालतं का.

संवादवाली

नको. शेवटच्या रांगेतून मोबाईलवर काढलेलं असतं, चेहरा दिसत नाही आणि आवाज हॉलचा येतो. खिडकीसमोर उभं राहून, साधी भिंत मागे, दोन वेगळ्या मूडचे छोटे सीन करा, एक मराठी एक हिंदी. समोरचे डायलॉग वाचायला कुणीतरी घ्या. दोन मिनिटांच्या वर जाऊ नका आणि म्युझिक लावू नका.

नवा_पाहुणा

समोरचे डायलॉग बहीण वाचते म्हणालीय.

झोपाळू_मांजर

🍿